पिनकोड जुळला, म्हणून घर सापडलं का?

प्रश्न थोडक्यात असा. कल्याणला राहणारी एक एम.एस्सी.ची विद्यार्थिनी लिहिते की प्रोजेक्टसाठी तिने पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या १५० मेगाहर्ट्‌झ सर्वेक्षणातून, म्हणजे टीजीएसएसमधून, ४० प्रखर रेडिओ स्रोत निवडले. गॅमा किरण, म्हणजे सर्वाधिक ऊर्जेचा प्रकाश, टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाच्या कॅटलॉगशी १ अंश त्रिज्येत त्यांची जुळवणी केली, त्यात १७ जुळले. हे १७ स्रोत गॅमा किरण सोडतात असं लिहायचं का? आणि उरलेल्या २३ मधून गॅमा किरण येतात की नाही, हे कसं शोधायचं? रिपोर्ट द्यायला सात आठवडे उरलेत आणि गाईडचं म्हणणं, ‘एखादं तरी नवीन डिटेक्शन हवं.’

तुम्हाला दुसरा प्रश्न अवघड वाटतोय आणि पहिला जवळजवळ सुटलेला. माझ्या मते खरी मेख पहिल्यातच आहे, ‘जुळले’ या शब्दात. ती निघाली की दुसरा प्रश्न नुसत्या कष्टाचा राहतो.

सल्ला कुठून येतोय ते आधी सांगतो. मी मुंबईत राहून गॅमा किरणांचं काम केलं. म्हणजे मुंबईत बसून डेटा चाळला आणि अमावास्येच्या आसपास पचमढीला जाऊन गॅमा दुर्बिणींपाशी रात्री जागलो. गेली बरीच वर्षं मुख्यतः फर्मीचाच डेटा. रेडिओवाल्यांशी कायम देवाणघेवाण असली तरी मी रेडिओचा माणूस नाही. त्या बाजूला माझं काही चुकलं तर जीएमआरटीच्या, म्हणजे खोडद-पुण्याकडच्या, मंडळींनी कान धरावा.

आता जुळणीबद्दल. रेडिओ सर्वेक्षणाने दिलेली जागा म्हणजे फ्लॅट नंबर. टीजीएसएसमध्ये ती दोन-चार विकलांपर्यंत (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) नेमकी असते. फर्मीने दिलेली जागा म्हणजे पिनकोड. कॅटलॉगमध्ये प्रत्येक स्रोताभोवती ९५ टक्के खात्रीचं एक लंबवर्तुळ दिलेलं असतं. त्याची त्रिज्या बऱ्याचदा एक दशांश अंशाच्या, म्हणजे ६ कलांच्या आसपास असते आणि अंधुक स्रोतांची त्याहून मोठी. ४०००२८ मध्ये तुमचा मित्र राहतो आणि ४०००२८ मधून कुणीतरी रोज रात्री फटाके उडवतं, एवढ्यावरून मित्राच्या दारात जाऊन भांडता येत नाही. आणि तुम्ही तर पिनकोडही नाही, जिल्हा जुळवलाय. १ अंश त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र शेजारी शेजारी मांडले तर होईल एवढ्या रुंदीचं.

हिशेब वहीच्या मागच्या पानावर होण्यासारखा आहे. कॅटलॉगच्या सध्याच्या आवृत्तीत सात हजारांहून थोडे जास्त स्रोत आहेत. १ अंश त्रिज्येच्या एका वर्तुळाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस अंश, सगळ्यांचं मिळून सुमारे २२,०००. आख्खं आकाश ४१,२५३ चौरस अंशांचं. वर्तुळं एकमेकांवर चढतात हे धरलं तरी ४१ टक्के आकाश झाकलं जातं. आता डोळे मिटून आकाशात ४० टाचण्या टोचा. त्यातल्या १६ कुठल्या ना कुठल्या वर्तुळात पडणारच. तुमच्या १७ पडल्या. आकाशगंगेच्या पट्ट्यात स्रोतांची दाटी जास्त आणि बाहेर कमी, त्यामुळे तुमच्या यादीसाठी हा आकडा एक-दोनने इकडेतिकडे होईल. पण त्या १७ मध्ये अजून तरी बातमी काहीच नाही.

हाच हिशेब एक दशांश अंशाने करा. एका वर्तुळाचे ०.०३१ चौरस अंश, सगळ्यांचे मिळून सुमारे २२०, म्हणजे आकाशाचा अर्धा टक्का. ४० टाचण्यांमागे अपेक्षित योगायोग ०.२. आता मात्र एखादी टाचणी आत पडली तर तिच्याकडे वळून बघावं लागतं. म्हणून १७ पैकी जे स्रोत त्या त्या गॅमा स्रोताच्या स्वतःच्या लंबवर्तुळात बसतात, तेवढेच ठेवा. तुम्ही दिलेल्या तक्त्यावरून मी पाहिलं, चार उरतात: एम ८७, थ्री-सी २७३, थ्री-सी ८४ आणि थ्री-सी ४५४.३. चौघेही गॅमा आकाशातले जुने रहिवासी. नवीन डिटेक्शन म्हणून त्यांचा उपयोग नाही, पण तुमची पद्धत बरोबर चालते का हे तपासायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. विश्लेषण पहिल्यांदा यांच्यावरच चालवा. थ्री-सी ४५४.३ जर तुमच्या प्रोग्रॅमला दिसला नाही, तर दोष आकाशाचा नाही.

माझ्या गणितावर विश्वास ठेवायचीही गरज नाही. तुमच्या चाळीसही स्रोतांचं डेक्लिनेशन (आकाशातला अक्षांश) ३ अंशांनी सरकवा आणि तीच जुळवणी पुन्हा करा. मग उलट्या बाजूला ३ अंश. मग राइट असेन्शनमध्ये (आकाशातल्या रेखांशात). या खोट्या याद्या आहेत, तिथे तुमचं काहीही नाही. त्यातही जर १५-१६ ‘जुळले’, तर खऱ्या यादीतल्या १७ ची किंमत तुम्हालाच कळेल. हे करायला अर्धा तास लागतो. मी आजही कुठलीही जुळवणी वाचताना आधी हेच शोधतो, की यादी सरकवून पाहिली होती का. नसेल तर पुढे वाचायची घाई करत नाही.

उलट्या दिशेने, म्हणजे गॅमा स्रोताच्या लंबवर्तुळात रेडिओ स्रोत शोधायला गेलात तर फसगत आणखी सोपी. एनव्हीएसएस या १.४ गिगाहर्ट्‌झच्या सर्वेक्षणात दर चौरस अंशाला सुमारे ५० स्रोत आहेत. एक दशांश अंश त्रिज्येच्या वर्तुळात सरासरी दीड स्रोत नुसत्या योगायोगाने सापडतो. म्हणजे प्रत्येक अनोळखी गॅमा स्रोताला कुणी ना कुणी ‘नातेवाईक’ मिळतोच. फर्मीच्या आठ वर्षांच्या डेटावरच्या कॅटलॉगमध्ये ५,०६४ स्रोत होते आणि त्यातल्या १,३३६ चा पत्ता लागलेला नव्हता. बऱ्याचदा अडचण रेडिओ स्रोत शेजारी सापडत नाही ही नसते, शेजाऱ्यांपैकी नेमका कोण हे ठरत नाही ही असते.

आता निवडीबद्दल, आणि हे जरा कडू लागेल. ‘रेडिओत प्रखर, म्हणून गॅमातही असणार’ हा तर्क तुमच्या आधी फार थोर लोकांनी केलाय, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. १९६० ते १९६३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ चुदाकोव्ह आणि सहकाऱ्यांनी क्रिमियात दीड-दीड मीटर व्यासाचे बारा आरसे मांडून क्रॅब नेब्युला, सिग्नस ए, कॅसिओपिया ए, व्हर्गो ए अशा प्रखर रेडिओ स्रोतांकडून येणारे गॅमा किरण शोधले होते. हाती काही लागलं नाही. त्यांनी ते तसंच छापलं, आणि त्या ‘नाही’मुळेच क्रॅबमधले वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनांच्या टकरीतून जन्मत नाहीत, ते तिथे थेटच प्रवेगित होतात, हे कळायला मदत झाली. क्रॅब पक्का सापडला १९८९ मध्ये, व्हिपल दुर्बिणीला. कॅसिओपिया ए हेग्रा गटाने २००१ मध्ये जाहीर केला, तोही २३२ तासांच्या निरीक्षणांनंतर. व्हर्गो ए म्हणजे तुमच्या यादीतला एम ८७.

तर्क फसतो कुठे? १५० मेगाहर्ट्‌झला तुम्हाला जे दिसतं ते प्रामुख्याने लोब, म्हणजे दीर्घिकेच्या दोन बाजूंना फुगलेले प्रचंड ढग. त्यात कोट्यवधी वर्षांत साचलेले, दमलेले इलेक्ट्रॉन असतात. ते सगळीकडे सारखं प्रारण टाकतात, त्यामुळे दीर्घिका कुठल्याही बाजूने बघितली तरी लोब दिसतात. गॅमा किरण येतात ते बहुतेक वेळा कृष्णविवराच्या तुलनेने जवळच्या, लहानशा भागातून, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघालेल्या झोतातून. आणि तो झोत आपल्याकडे रोखलेला असेल तरच ते आपल्याला दिसतात. लोबची प्रखरता म्हणजे घराण्याची जुनी श्रीमंती. आज खिशात काय आहे आणि दार आपल्या दिशेला उघडतं का, हे त्यावरून कळत नाही.

थ्री-सी २७९ ची गोष्ट याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९९१ च्या जूनमध्ये अंतराळातल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या एग्रेट उपकरणाने कन्या राशीकडे पाहिलं, तेव्हा सगळ्यांची अपेक्षा थ्री-सी २७३ ची होती. तो रेडिओत जास्त प्रसिद्ध, आणि कॉस-बी उपग्रहाला १९७० च्या दशकात तोच सापडलेला. प्रत्यक्षात चमकत होता दहाएक अंशांवरचा थ्री-सी २७९. झोत नेमका आपल्याकडे, आणि त्या आठवड्यांत भडकलेला.

म्हणून झोताच्या उगमाची खूण शोधा: रेडिओ वर्णपट सपाट आहे का, म्हणजे वारंवारता वाढली तरी प्रखरता जवळपास तेवढीच राहते का? तुमच्याकडे टीजीएसएस आहेच, एनव्हीएसएस फुकट मिळतं. १५० मेगाहर्ट्‌झला १ जान्स्की (रेडिओ प्रखरतेचं एकक) आणि १.४ गिगाहर्ट्‌झला ०.२ जान्स्की असेल तर वर्णपटाचा घातांक सुमारे −०.७ येतो. हा उताराचा स्रोत, लोबवाला. १ आणि ०.८ असेल तर −०.१, सपाट. साधारण −०.५ च्या वरचे वेगळे काढा. इथे दोन गोष्टी सांभाळा. एनव्हीएसएसची नजर ४५ विकलांची, टीजीएसएसची २५ विकलांची, त्यामुळे एकात एक दिसणारा स्रोत दुसऱ्यात दोन होऊन दिसू शकतो. आणि दोन्ही सर्वेक्षणांच्या मध्ये वर्षं गेलेली आहेत. असे स्रोत मधल्या काळात स्वतः बदलतात. जमलं तर यादीला क्रेट्‌सची जोड द्या. त्यात ८.४ गिगाहर्ट्‌झवर तपासलेले अकराएक हजार सपाट वर्णपटाचे स्रोत आहेत. फर्मीच्या कॅटलॉगात जुळणी झालेले सर्वाधिक स्रोत, आठ वर्षांच्या आवृत्तीत ३,१३० हून जास्त, ब्लाझार जातीचे (झोत आपल्याकडे रोखलेल्या दीर्घिका) आहेत, ते याच कुळातले.

अपवाद आहेतच. सेंटॉरस ए च्या लोबमधूनच येणारे गॅमा किरण फर्मीने दाखवले (निष्कर्ष २०१० मध्ये छापला). तिथले इलेक्ट्रॉन विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणालाच धक्का देऊन गॅमापर्यंत नेतात. पण सेंटॉरस ए आपल्या अगदी उंबरठ्यावर आहे. आणि एखादा स्रोत ठिपक्यासारखा असून त्याचा उतार फार तीव्र, −१.५ किंवा त्याहून खाली असेल, तर तो फेकू नका, वेगळ्या कागदावर लिहा. तो पल्सार, म्हणजे भराभर फिरत ठोक्याठोक्याने किरण फेकणारा मेलेला तारा, असू शकतो. फर्मीच्या बेवारशी स्रोतांमध्ये असे पल्सार टीजीएसएसच्या चित्रांतून शोधायचे प्रयत्न झालेत आणि जीएमआरटीने फर्मीच्या स्रोतांकडे रोखून बघत मिलिसेकंद पल्सार पकडलेत. ‘जे १५४४+४९३७’ हा, सोबतच्या ताऱ्याला हळूहळू बाष्प करून टाकणारा पल्सार, २०१३ मध्ये तसाच सापडला. पल्सार असेल तर वाद मिटतो, कारण ठोके जुळतात. जुळणारे ठोके म्हणजे आधार कार्डच.

तुम्ही कल्याणच्या म्हणून एक अवांतर. हे १५० मेगाहर्ट्‌झचं सर्वेक्षण ज्या परंपरेतून आलं, तिची सुरुवात तुमच्याच गावात झाली. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या लहान लहान ३२ तबकड्या गोविंद स्वरूप यांच्या गटाने कल्याणला मांडल्या आणि १९६५ च्या सुमारास त्यांनी सूर्य बघायला सुरुवात केली. त्यानंतर उटी, त्यानंतर खोडद. असो.

दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कॅटलॉगमध्ये नसलेल्या जागी गॅमा किरण शोधायचे म्हणजे जुळवणी बंद करून थेट फर्मीच्या फोटॉनांना विचारायचं: या जागी, पार्श्वभूमीवर, थोडं जास्त काही आहे का? तुमची मोठी जमेची बाजू अशी की जागा तुम्हाला रेडिओवरून आधीच, नेमकी माहीत आहे. आकाशभर हुडकणारा माणूस लाखो जागा तपासतो, तुम्ही चार ओळखीचे सोडून फक्त ३६ तपासणार. हा फायदा घालवू नका. म्हणजे, टीएसचा (तो काय ते लगेच पुढे सांगतो) नकाशा काढून जवळचा सगळ्यात उजळ ठिपका कुठे आहे ते बघायचं आणि स्रोताला तिकडे सरकवायचं, असं करू नका. करावंसं वाटेल. मलाही वाटायचं.

टीएस म्हणजे काय, तर ‘इथे स्रोत आहे’ आणि ‘इथे स्रोत नाही’ या दोन गृहीतांपैकी डेटाला कुठलं किती जास्त पटतं, याचं माप: दोन्हींच्या लाइकलीहुडच्या (त्या गृहीतात हाच डेटा मिळण्याच्या शक्यतेच्या) गुणोत्तराचा लॉगॅरिदम, त्याची दुप्पट. जागा आणि गॅमा वर्णपटाचा उतार आधीच बांधून ठेवला असेल (२.२ ठेवा, शंका आल्यास २.४ ने पुन्हा), तर टीएसचं वर्गमूळ साधारण सिग्मा (हा निव्वळ योगायोग नाही याच्या खात्रीचं माप) होतं. कॅटलॉगची अट २५ ची आहे. पण तिथे जागा आणि उतार मोकळे असल्याने ती प्रत्यक्षात चार सिग्माच्या थोडी वर बसते.

किती ऊर्जेपासून सुरुवात करायची हे परिस्थितीवर आहे. फर्मीची नजर १०० एमईव्हीला (एमईव्ही, जीईव्ही ही ऊर्जेची एककं, १ जीईव्ही म्हणजे १,००० एमईव्ही) फारच धूसर असते, एकच फोटॉन ५ अंश इकडेतिकडे दिसू शकतो. १ जीईव्हीला ते ०.८ अंशावर येतं, १० जीईव्हीच्या वर एक दशांश अंशाच्या जवळ. खालून सुरू केलंत तर फोटॉन भरपूर, पण सगळे शेजारी एकमेकांच्या घरात. वरून सुरू केलंत तर घर स्वच्छ, पण माणसं मोजकी. पहिल्यांदा करताय आणि वेळ कमी आहे, तेव्हा १ जीईव्हीपासून करा. थ्री-सी ४५४.३ सारख्या क्वेसारांचा (दूरच्या, अतिप्रखर दीर्घिकाकेंद्रांचा) वर्णपट खालच्या ऊर्जेला भरलेला असतो, त्यामुळे या निर्णयाने काही अंधुक क्वेसार हातचे जातील. ते मान्य करून रिपोर्टमध्ये एका वाक्यात लिहा.

सॉफ्टवेअर फर्मीपाय, डेटा नासाच्या संकेतस्थळावरून फुकट, आकाशगंगेच्या धुक्याचं आणि समदिश पार्श्वभूमीचं मॉडेल त्यांनीच दिलेलं वापरा. अभ्यासक्षेत्र १५ अंशांचं घ्या. झेनिथ कोन (उपग्रहाच्या थेट वरच्या दिशेपासूनचा कोन) ९० अंशांवर कापा, नाहीतर पृथ्वीच्या वातावरणातून येणारे गॅमा किरण मोजत बसाल. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका स्रोताला सगळ्या वर्षांचा डेटा चालवायला अडीच-तीन तास जातात. रात्री लावून झोपायचं. दिवे गेले तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून, म्हणून मधले टप्पे सेव्ह करत चला.

आणि शेजाऱ्यांकडे लक्ष. माझीच फजिती सांगतो. एका लोबवाल्या रेडिओ दीर्घिकेच्या जागी मला टीएस ३१ मिळाला होता. कुणालाच आधी दिसलेली नव्हती. आठवडाभर मी हवेत. मसुदा लिहायला घेतला, आकृत्या झाल्या, सहकाऱ्यांना चहा पाजून झाला. मग एका संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस आणि गाड्या बंद म्हणून ऑफिसातच अडकलो होतो, करायला दुसरं काही नाही म्हणून उरलेल्या फोटॉनांचा नकाशा वर्षागणिक काढत बसलो. दहापैकी नऊ वर्षं कोरी. एका वर्षात माझ्या स्रोतावर डाग, पण गोल नाही. शाईचा थेंब ओल्या कागदावर पडून एका बाजूला ओघळावा तसा, आणि ओघळ कुठून येतोय ते बघितलं तर १.४ अंशांवरच्या एका ब्लाझारपासून. तो त्या वर्षी तीन महिने भडकला होता. माझ्या मॉडेलमध्ये त्याची कॅटलॉगातली सरासरी घालून मी ती गोठवून टाकली होती. त्याच्या ताटातलं सांडलेलं मी माझ्या पाहुण्याच्या नावावर लिहीत होतो. ते तीन महिने काढले, टीएस ६ वर आला. मसुदा कचऱ्यात. त्या पावसाचे अजून आभार मानतो.

तेव्हा ३ अंशांच्या आतल्या सगळ्या शेजाऱ्यांची प्रखरता मोकळी सोडा आणि तुमच्या स्रोताचा टीएस वर्षागणिक वेगळा काढून बघा. स्थिर असायला हवा असा स्रोत एकाच वर्षात सगळा साचलेला दिसला तर शेजारी तपासा. क्रांतिवृत्ताजवळचा, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेजवळचा, स्रोत असेल तर सूर्यही तपासा. सूर्य गॅमा किरणांत दिसतो, आणि चंद्र तर शांत सूर्यापेक्षाही उजळ, कारण वैश्विक किरण त्याच्या उघड्या मातीवर थेट आपटतात. थ्री-सी २७९ च्या वरून दर वर्षी ८ ऑक्टोबरला सूर्य जातो. असे दिवस डेटातून वगळायचे असतात.

यानंतर कोऱ्या जागा. कॅटलॉगमधला कुठलाही स्रोत जवळ नाही अशा, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून तुमच्या स्रोतांइतक्याच लांबच्या शंभरएक जागा निवडा आणि तेच विश्लेषण तिथे चालवा. लॅपटॉपला शंभर झेपणार नाहीत, ४० करा. पुस्तकात लिहिलंय की टीएस ९ म्हणजे ३ सिग्मा, पण प्रत्यक्ष आकाशात पार्श्वभूमीचं मॉडेल ओबडधोबड असल्यामुळे कोऱ्या जागीही ९ अधूनमधून येतो. किती वेळा येतो, तो तुमचा खरा मापदंड.

गाईडच्या ‘एखादं तरी’ची धास्ती मला इथेच वाटते. समजा तुम्ही ४० स्रोत, तीन ऊर्जापट्टे आणि १४ वर्षं वेगवेगळी बघितली. झाले १,६८० प्रयत्न. ३ सिग्माचा योगायोग ७४० प्रयत्नांत एकदा होतो. म्हणजे काहीही नसताना तुम्हाला दोन ‘डिटेक्शन’ मिळतील, आणि ती सुंदर दिसतील. म्हणून किती पट्टे, कुठला उतार, टीएस कितीच्या वर गेला तर स्रोत म्हणायचं, हे आत्ता, डेटा उघडायच्या आधी लिहून त्या कागदावर गाईडची सही घ्या. गंमत म्हणून सांगत नाही. नंतर पट्टा बदलायचा मोह दोघांनाही होणार आहे.

आमच्या क्षेत्राने याची किंमत मोजलेली आहे. सिग्नस एक्स-३ हा १९७२ मध्ये रेडिओत प्रचंड भडकलेला, एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडीचा स्रोत. पुढे १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या गटाने त्याच्याकडून अतिप्रचंड ऊर्जेचे गॅमा किरण येतात असा निष्कर्ष जाहीर केला आणि त्यानंतर कित्येकांना तो दिसू लागला, प्रत्येकाला तीन-चार सिग्मावर. जास्त मोठी, जास्त नेमकी उपकरणं उभी राहिली आणि तो दिसेनासा झाला. शेवटी २००९ मध्ये फर्मी आणि ॲजाइल या उपग्रहांनी त्याला जीईव्ही ऊर्जेला पकडलं. ते का पटलं? सिग्मा मोठा होता म्हणून नव्हे. गॅमा किरण त्याच्या ४.८ तासांच्या कक्षेच्या तालात येत होते, आणि येत होते ते रेडिओ सक्रिय असतानाच. जागा, ताल आणि रेडिओ, असे तीन साक्षीदार वेगवेगळे बोलत होते आणि गोष्ट एकच सांगत होते.

तुम्हाला काही सापडलंच तर असा दुसरा साक्षीदार शोधा. पल्सारला ठोके. ब्लाझारला चढउतार: कॅलिफोर्नियातली ओव्हेन्स व्हॅलीची ४० मीटरची तबकडी १५ गिगाहर्ट्‌झवर अनेक ब्लाझार नियमित बघते. गॅमात भडका आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी रेडिओत फुगवटा, असा क्रम मिळाला तर बोलता येतं. पण एका भडक्यावर नाही. दोन्ही आलेख मुळातच लाटांसारखे चढतात-उतरतात, आणि कुठल्याही दोन लाटा ओढून ताणून जुळतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगला डेटा असलेल्या ४१ स्रोतांपैकी फक्त तिघांत बऱ्यापैकी संबंध दिसला होता. पचमढीला आम्ही अर्धा तास स्रोताकडे आणि अर्धा तास शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे बघायचो. पहाटे वजाबाकी करताना ज्या रात्री रिकाम्या आकाशात जास्त निघायचं, त्या रात्री आरशांवर दव होतं का, ढगाची पातळ चादर होती का, अशी कारणं भराभर सुचायची. स्रोताकडे जास्त निघालं की मात्र एकही कारण सुचायचं नाही.

सात आठवड्यांचं म्हणाल तर मी असं वाटेन. पहिला आठवडा यादी सरकवून बघणं आणि वर्णपटाचे घातांक. दुसरा आठवडा चार ओळखीच्या स्रोतांवर सराव आणि तो सहीचा कागद. मग तीन आठवडे रात्रपाळी: उरलेले ३६ आणि कोऱ्या जागा. लॅपटॉप एकच असेल तर ३६ चे १५ करा, सगळ्यात सपाट वर्णपटाचे, आणि तसं स्पष्ट लिहा. ज्यांचा टीएस कमी, त्यांची ९५ टक्के वरची मर्यादा काढा. प्रखरता वाढवत जायची आणि लॉग-लाइकलीहुड सर्वोत्तम किमतीच्या १.३५ ने खाली आलं की तिथे थांबायचं. तोच तुमचा तक्ता. एकूण बेरीज करून, म्हणजे सगळ्यांचे लाइकलीहुड एकत्र करून गटाचा सिग्नल शोधता येतो, पण त्यात एक बदमाश शेजारी सगळ्या गटाला बाटवतो. या वेळेत तो नाद नको.

गाईडना काय सांगायचं, हे तुम्हीच जास्त जाणता. माझ्यासमोर व्हायवाला एखादी मुलगी ३६ मर्यादांचा स्वच्छ तक्ता घेऊन आली आणि ‘या स्रोतांच्या झोतांत यापेक्षा जास्त ताकद असती तर फर्मीला दिसली असती’ एवढं नीट बोलली, तर मी तिला टीएस १२ च्या ‘नवीन डिटेक्शन’वाल्यापेक्षा वर मार्क देईन. सगळे परीक्षक देतील याची हमी नाही.

यादी ३ अंशांनी सरकवून जुळवणी केलीत की आकडा इथेच टाका. १५ आला तरी टाका, ५ आला तर आवर्जून टाका, कारण मग माझ्या हिशेबात काहीतरी चुकलंय आणि ते मला शोधावं लागेल.